कानातला भाव

...नाही, पण मला सांगा, उगाच कोण येतं हो इथवर? आमच्या पुंता बाकाव गावाला? सहा तास बस, दीड तास तीनचाकी, मग होडी, आणि होडीतून उतरायचं ते गुडघाभर पाण्यात! आम्ही इथले, तरी उतरताना चार शिव्या देतो. आणि ही बाई उतरून हसते! तुम्हाला सांगतो, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

टूम नगरपालिकेची. म्हणे गावात पाहुणे यायला हवेत, तर प्रत्येक दुकानदारानं एकेका पाहुण्याला दिवसभर गाव दाखवायचं. माझ्या वाट्याला ही सिग्रीड. नॉर्वेची. निवृत्त मास्तरीण... असं ती म्हणते हं, मी नाही म्हणत! मी शाळेत तीन इयत्ता गेलो, पुढची तीस वर्षं सुकी मासळी विकता विकता माणसांच्या तोंडाकडे बघून शिकलो. चर्च दाखवलं, तर बाई चर्चकडे ओझरतं बघते आणि माझ्या वाळवणाच्या ताट्यांपुढे मात्र बसकण मारते! "तिबुरदादा, मासळी कुठल्या होडीची घेता? ताजी कशी ओळखता? सगळ्यांत चांगली कोणती?" आणि उत्तर वहीत लिहून घेते. वहीत! उगाच कोण लिहितं हो? नक्की कुठल्यातरी डबाबंद मासळीच्या कंपनीनं पाठवलेली. आज वही, उद्या ट्रक!

आणि मुहूर्त बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पोरीला, जोनाबेलला, रीतसर मागणी घालायला मुलाकडचे जेवायला येणार. मुलाचा बाप कोण? अनासेतो! माझ्यासारखाच मासळीचा व्यापारी, माझ्यापेक्षा एक होडी जास्त, आणि ती एक होडी तो प्रत्येक वाक्यात वल्हवतो. म्हणजे माझ्या घरी, माझ्या पानावर, माझी सुरमई हवीच. त्याच्यासमोर मुलीच्या बापानं बांगडे वाढायचे? बायको म्हणाली, "काय वाट्टेल ते करा, सुरमईचा टब घेऊनच या."

म्हणून बाईच्या डोक्यातून सुरमई आधीच काढून टाकायला गेलो. म्हटलं, "सुरमई? छे छे! इथली सुरमई फार वाईट. मला तर बाधतेच. एकदा खाल्ली, अंगभर पित्त उठलं, घसा सुजला, पाद्री बोलवायची वेळ आली, मरता मरता वाचलो." बाईनं छातीवर हात ठेवला. "अरे देवा!" आणि लिहून घेतलं. मी खूश.

मग बाईला घेऊन गेलो किनाऱ्यावर. त्या दिवशी सुरमईचा टब आला एकच. आमच्याकडे भाव ओरडत नाहीत. लिलाव करणारी पुरिंगताई टबापाशी उभी राहते, घेणारे एकेक करून तिच्या कानाशी जाऊन भाव कुजबुजतात, आणि ज्याचा भाव सगळ्यांत जास्त, त्याचं ती शेवटी फक्त नाव पुकारते. कोणी किती सांगितला, ते तिच्या कानातून बाहेर येत नाही. अनासेतो जाऊन आला. मग मी गेलो, आणि असा भाव सांगितला, असा सांगितला, की सांगताना माझाच आवाज फुटला!

तर ही सिग्रीड निघाली.

म्हटलं, "अहो बाई, कुठे?" ऐकते कुठली! पुरिंगताईच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी लागली. बघा! म्हटलं नव्हतं? उगाच कोण येतं हो इथवर? कंपनीचा भाव सांगत असणार! आणि पुरिंगताई, जी स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा हसली नव्हती, ती टबाची कड धरून हसायला लागली. डोळे पुसले आणि पुकारलं, "अनासेतो!"

मी ओरडलो, "ताई, माझा भाव जास्त होता!"

"भाव कानात राहतो, तिबुर."

"पण का?"

"अरे बाबा, ही बिचारी काकुळतीला येऊन सांगत होती, 'ह्यांना सुरमई देऊ नका हो, मरता मरता वाचलेत, बहुतेक कुणाला सांगायला लाजतात.' मी तुझा जीव घेऊ होय? उद्या पोरीचं ठरायचंय तुझ्या!"

आणि सिग्रीड लांबून मला हात करतेय. प्रेमानं! ना कंपनी, ना ट्रक. खरोखरच मास्तरीण निघाली हो. म्हणजे मेलोच!

दुसऱ्या दिवशी अनासेतो आला तो सुरमई घेऊनच. भली मोठी परात, वर केळीचं पान. "व्याहीबुवा, मागणी घालायला रिकाम्या हातानं कसं यायचं?" आणि माझ्यापुढे पेजेचा वाडगा सरकवला. "तुमच्यासाठी वेगळं आणलंय हो. गावभर कळलंय." आता खोटं बोललो म्हणावं, तर मुलीचा बाप खोटारडा. सोयरीक मोडायची. बसलो पेज भुरकत. समोर पुरिंगताई, शेजारी सिग्रीड, अनासेतोनंच बोलावलेली. माझा हात जरा परातीकडे सरकला की मनगट धरते, "नको तिबुरदादा!"

आणि मग अनासेतोनं विचारलं, "मग, जोनाबेल आमची ना?" त्याच क्षणी परातीतला शेवटचा तुकडा सिग्रीडच्या ताटात पडला. मी "हो" म्हटलं आणि माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी... बायको रडली, अनासेतो रडला, पुरिंगताई म्हणाली, "शेवटी बापाचं काळीज!"

म्हटलं, असू दे. तसंच समजा.