उत्तर कोकणात तुरळक सरी

मी डहाणूकडची, ताई, समुद्राच्या काठची. आमच्या दारात बसलं की भरती चढलेली ऐकू यायची, आणि आता राहते कुठे तर चाकणच्या पुढे, जिथे उजाडल्यापासून ट्रेलरचे हॉर्न. काय सांगू तुम्हाला, माझं काही सांगण्यासारखं नाही, पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, विचारलंत, म्हणून सांगते.

बाबा लवकर गेले. मी सातवीतून शाळा सोडली, म्हणजे कोणी सोडवली नाही, घरात हातच कमी पडत होते. थंडीत बोंबील यायचे ते वाळवायचे. उभे-आडवे बांबू बांधून मांडव करायचा, त्याला आमच्यात वलांडी म्हणतात, आणि एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी बांबूवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. दात बारीक असतात, बोटं सोलून निघायची. उत्तरेचा कोरडा वारा असला की आय गुणगुणायची, आणि थंडीतच मळभ आलं, हवा गार होऊन सर आली, की तिचा जीव अर्धा, कारण अर्धवट वाळलेला बोंबील एकदा भिजला की गेला, मग तो खतालाच. आभाळ बघायचं काम माझं होतं. मी वाळूत उभी राहून ओरडायची, आय, आलं गं! आणि दोघी धावायचो.

लग्न झालं आणि इकडे आले. मालक ट्रेलरवर आहेत, इथल्या नव्या गाड्या भरून पार वरती उत्तरेला नेतात, गेले की बरेच दिवस नाहीत. मूलबाळ नाही. मी वायरिंगच्या कंपनीत लागले, गाडीच्या वायरी असतात ना, एका टोकात दुसरं टोक बसवायचं, टक् वाजलं की बसलं. सुपरवायझर म्हणाले, शिकवल्याशिवाय हात कसा चालतो तुझा? मी म्हटलं, साहेब, बोंबलांवर बसलेला हात आहे, तर ते हसले, त्यांना वाटलं गंमत करते. कंपनीचे उपकार आहेत ताई, बस येते, जेवण मिळतं, सातवीवालीला कोण देतं एवढं. पण मी कायम नाही, ठेकेदाराकडून आहे, उद्यापासून येऊ नको म्हणाले तर नाही.

खोली कोंडाबाई मावशींची. इथल्याच जुन्या गावच्या, जमीन कंपन्यांत गेली, चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. गळ्यात माळ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, हे बघ, ऱ्हायचं तर ऱ्हा, पर तुझं वलं न्हाई का सुकं न्हाई, काय बी घरात आणायचं न्हाई, वास आला तर मी आळंदीला तोंड दाखवू कशी? मी म्हटलं, नाही आणणार. आणि नाहीच आणलं. आयने पाठवते म्हटलं की नको म्हणायची. कधीकधी त्या वासासाठी रडू यायचं, लोकांना हसू येईल, पण यायचं.

मग मी काय करायची, मोबाइलवर तिकडचं हवामान बघायची. उत्तर कोकण किनारपट्टी, हवा गार, आकाश ढगाळ, तुरळक सरी. इथलं कधी नाही बघितलं, तिकडचं रोज. आणि थंडीत रोज सकाळी आयला फोन. आय, दुपारनंतर सरी आहेत गं, आत घे. आय म्हणायची, बरं बाय, घेते. संध्याकाळी परत, घेतलंस का? घेतलं गं सगळं, तू होतीस म्हणून वाचलं. हे ऐकलं की मला झोप लागायची. वाटायचं, लांब असले तरी वाळूत उभीच आहे मी अजून.

या थंडीत एकदा सकाळी बघितलं तर दिवसभर पाऊस दाखवत होते, वारा दक्षिणेचा. फोन लावला, आय उचलेना. परत लावला, उचलेना. कोपऱ्यावर बस हॉर्न देतेय. आमच्या कंपनीत मोबाइल गेटवरच ठेवून घेतात, सुटेपर्यंत मिळत नाही. काही सुचेना, मावशी मेथी निवडत होत्या, त्यांनाच म्हटलं, मावशी, एवढं कराल का, हा घ्या नंबर, आयला फोन लावाल का, आत घे म्हणून सांगाल का? मावशी म्हणाल्या, माझ्या तोंडून मासळीचं नाव? मग माझं तोंड बघितलं असेल त्यांनी. म्हणाल्या, बरं जा, मी वाळवण म्हणीन, कसलं ते न्हाई सांगायची.

दिवसभर लाइनवर माझं लक्ष नाही, दोन वायरी उलट्या बसवल्या, बोलणी खाल्ली.

घरी आले तर मावशी ओट्यावर बसलेल्या, माझ्याकडे बघेनात. लागला का फोन? व्हय, लागला. उचलला आयने? उचलला. पडवीत व्हती म्हणं. मग, घेतलं का आत? मावशी हातानं ओटा झाडायला लागल्या. मी म्हटलं, पडली की काय, आजारी आहे की काय, मावशी, बोला ना. तेव्हा म्हणाल्या, अगं म्हातारी धड हाय. पर वाळवणच न्हाई तिच्याकडं. ते बांबू तिनं गेल्या थंडीलाच उतरवलं, खांदा वर जात न्हाई म्हणं, शेजाऱ्याला दिलं कुंपनाला. मला म्हणली, पोरीला सांगू नका, ती तिथं एकटी हाय, तिला वाटतं तिच्या फोनावर माझं घर चालतंय, तेवढं ऱ्हाऊ द्या तिला. आता माळ हाय माझ्या गळ्यात, तू इचारल्यावर खोटं कसं बोलू? म्हून तुझ्याकडं बघत नव्हते.

मी तिथेच बसले. मला वाटत होतं मी तिला सांभाळते. आणि रिकाम्या अंगणात बसून ती मला सांभाळत होती, दोन थंड्या.

मावशींनी चहा दिला, म्हणाल्या, लाव आता फोन, वाट बघत असल. लावला. म्हटलं, आय, घेतलंस का आत? ती म्हणाली, घेतलं गं बाय सगळं, तू होतीस म्हणून वाचलं. मी म्हटलं, बरं केलंस. मावशी मागून म्हणाल्या, दोघी बी सारख्याच लबाड.

अजून तसंच चालू आहे ताई. मी सरी सांगते, ती आत घेते. मावशी आता रोज विचारतात, काय गं, तुझ्या आईकडं आभाळ हाय का? पण परवा आयने पहिल्यांदाच विचारलं, आमचं राहू दे, तुझ्याकडे कसं आहे गं? आणि मला सांगता येईना. इतकी वर्षं इथे राहते, वर बघितलंच नव्हतं. दारात जाऊन बघितलं, पत्र्यांच्या शेडवर पांढुरकं ऊन होतं. मावशी ओट्यावरून ओरडल्या, गार हाय म्हणावं, आन् तुमची पोर स्वेटर घालत न्हाई म्हणावं! आयने ते ऐकलं, हसली, म्हणाली, त्यांना म्हणावं, तेवढं बघा माझ्यासाठी.

बघतात हो. दोघींनाही देव बरं ठेवो. स्वेटर घेतलाय मी आता, हा बघा.