नागपूरचं तापमान

हरिश्चंद्र : ...आणि रत्नागिरीला गुरुवारपर्यंत पाऊस. बघ, आमच्या दत्तारामाने अजून घर शाकारलं नसणार. भाऊ माझा, पण एक नंबरचा आळशी! आता नागपूर. सोमवार चव्वेचाळीस, मंगळवार चव्वेचाळीस, बुधवार पंचेचाळीस. बापरे!

मनोरमा : पुरे. नागपूर नका वाचू.

हरिश्चंद्र : का? दर रविवारी तीन गावांचं आठवडाभराचं हवामान वाचतो मी. आपलं भाईंदर, रत्नागिरी, नागपूर. आणि ऐक, कुणाला सांगायचं असेल तर सांग. दुपारी उन्हात फिरायचं नाही, पर्समध्ये कांदा ठेवायचा.

मनोरमा : कुणाला काय? इशिता म्हणा. पोटची पोर आहे तुमची.

हरिश्चंद्र : सकाळी सकाळी सुरू करू नकोस. रजिस्टर लग्न करून मोकळी झाली आणि मग आपल्याला सांगितलं. माझ्या फोनवर फोन करायचा नाही म्हटलं म्हणजे नाही. सात वर्षं झाली. निरोप द्यायला तू आहेस की.

मनोरमा : अहो, ती नागपुरात नाहीये.

हरिश्चंद्र : म्हणजे? फिरायला गेलीय?

मनोरमा : तुमच्या जावयाची, साहिलची ट्रान्सफर झाली. दोन वर्षं झाली, गुवाहाटीला राहतात.

हरिश्चंद्र : दोन वर्षं! अगं, गेल्या उन्हाळ्यात मी कूलरला वाळा लावायला सांगितला. तूच म्हणालीस ना, लावला म्हणून?

मनोरमा : तिनेच तसं सांगायला लावलं. तिकडे धो धो पाऊस, आणि ही म्हणतेय, "बाबांना सांग, लावला." मी म्हटलं, खरं सांगून टाकू दे गं. तर म्हणाली, "नको आई. बाबा चिडतील आणि माझ्या गावाचं हवामान वाचायचंच बंद करतील. तेवढंच तर मिळतंय मला त्यांच्याकडून."

हरिश्चंद्र : थांब जरा. पाणी दे.

मनोरमा : घ्या. सावकाश.

हरिश्चंद्र : मग आज का सांगतेयस?

मनोरमा : आता माझ्याच्याने होत नाही म्हणून. मागच्या महिन्यात एका रविवारी तुम्ही म्हणालात, "नागपूर एकदम कोरडं, काळजी नाही." आणि आणखी एक पोळी मागितलीत. त्या दिवशी तिच्या दारात कमरेएवढं पाणी होतं हो. सहावा महिना होता तिला. कळा सुरू झाल्या. हॉस्पिटल गाठायला पाच तास लागले.

हरिश्चंद्र : बाळ?

मनोरमा : गेलं. मुलगी होती.

हरिश्चंद्र : आणि मला कुणी काही बोललं नाही.

मनोरमा : कसं बोलणार? पेणकरपाड्याच्या बाजारातून भाजी आणते सांगून निघायचे, रिक्षा स्टँडच्या मागे उभी राहून तिच्याशी बोलायचे, रडायचे. मग पाव किलो भेंडी घेऊन घरी. तुम्ही विचारायचात, एवढा उशीर का?

हरिश्चंद्र : आजोबा होणार होतो मी. ते मला आता कळतंय, सगळं संपल्यावर. माणूस आहे का मी, मनोरमा?

मनोरमा : मला विचारू नका. माझं मन पार उडालंय तुमच्यावरून. पण ती अजून वाट बघतेय. फोन लावा. माझ्या नाही, तुमच्या फोनवरून.

हरिश्चंद्र : काय बोलू? मला ऊन-पावसाशिवाय बोलता येतं कुठे?

मनोरमा : काही बोलू नका. नुसतं इशू म्हणा. हा घ्या नंबर.

(रिंग वाजत राहते. पलीकडून फोन उचलला जातो.)

इशिता : हॅलो?

हरिश्चंद्र : इशू... मी बोलतोय.

इशिता : बाबा? तुम्ही? तुमच्या फोनवरून?

हरिश्चंद्र : हो. मीच.

इशिता : बाबा... आई बरी आहे ना?