उलटी छापलेली गंगा

माझं नाव शालिनी, जन्म इथलाच, काशीतला, बालाजी घाटाच्या वरच्या गलीतला. किती पिढ्या झाल्या इथं ते वडिलांनाही नीट मालूम नव्हतं, ते घाटावर यजमानांची पूजा सांगायचे, घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की बनारसी, म्हणून माझी बोली ही अशी खिचडी, जशी बोलते तशीच लिहा हां, सुधारू नका. लग्नही चार गली सोडूनच झालं. वरात निघाली आणि पोचली, बाजेवाल्यांचं एक गाणं पुरं झालं नाही, ते बिचारे दारात उभे राहून बाकीचं वाजवत बसले.

हे पाठशाळेत वेद शिकवायचे. आवाज काय सांगू तुम्हाला, खाली नाववाले वल्हं थांबवून ऐकायचे. मग घशात गाठ झाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि आवाजही गेला, आता बोलतात ते कुजबुजल्यासारखं. शिकवणं सुटलं, पाठशाळेचा तरी काय दोष. पंधरा दिवस दोघंही नुसते बसून होतो, मग कळलं म्यूझियममध्ये झाडपूस करायला बाई पाहिजे, मी गेले. बी.ए. झालेली होते, पण त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मला फोटोंची खोली मिळाली. जुने फोटो, दगडावरून छापलेली चित्रं, आणि काचेच्या प्लेटी, म्हणजे आधीच्या काळातल्या निगेटिव्ह, हातातून सुटली की संपली. मला हात लावायची मनाई, फक्त फरशी पुसायची. मग एका साली बाढ आली, पाणी खोलीत शिरलं, मी साडी खोचली आणि एकेक डबा छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेला, एक प्लेट फुटली नाही. तेव्हा म्यूझियमचे आमचे साहेब म्हणाले, मौसी, आजपासून प्लेटी तुम्हीच साफ करायच्या. मऊ ब्रश दिला, हातमोजे दिले. घरी येऊन मी ते हातमोजे ह्यांना घालून दाखवले, हे इतके हसले, आवाज न करता.

आता खरी गोष्ट. मोठं प्रदर्शन लागायचं होतं, काशीचे जुने घाट. साहेब फोटो निवडत होते आणि एक मोठा फोटो त्यांनी बाजूला काढला, म्हणाले हा काशीचा नाही, ही इमारत इथं कुठंच नाही, पक्का मराठी मुलुखातला कुठला तरी घाट, गोदामात टाका. मी न्यायला उचलला आणि सहज भिंग लावून पाहिलं. पायऱ्यांवर चार बायका, नऊवारी नेसलेल्या, आणि चौघींचाही पदर उजव्या खांद्यावर. इथल्या बायका सीधा पल्ला घेतात ना, उजव्यावर, म्हणून कुणाला खटकलं नसेल. पण नऊवारी नेसून उजव्यावर पदर? एखादी चुकेल, चौघी कशा चुकतील? मग खुंट्याला बांधलेली नाव पाहिली, ती डावीकडे वळलेली. नदीतून घाटाकडे तोंड करून बघा तुम्ही, आपली गंगा उजवीकडे वाहते, नाव डावीकडे जाईलच कशी. फोटो आरशातल्यासारखा पालटला, तर मात्र पदर आणि नाव दोन्ही जागेवर येतात.

पण बोलायचं कसं? साहेब एवढे शिकलेले, आणि माझी नौकरी कच्ची, दर साली कागदावर त्यांची सही लागायची. घरी जेवताना ह्यांना सगळं सांगितलं, म्हटलं गप्पच बसते. हे ताटावरून हात उचलून हळू म्हणाले, तुझा आवाज शाबूत आहे ना, मग बोल की.

दुसऱ्या दिवशी बोलले. म्हटलं, साहेब, फोटो उलटा छापलाय, त्याची प्लेट माझ्या डब्यात आहे. साहेबांचं तोंड एवढंसं झालं, मी म्हटलं गेली नौकरी. मग उठले, प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, पालटली, आणि पाहतच राहिले. अहो, आपला भोसले घाट! ती दगडी हवेली, मी रोज जिच्यासमोरून येते जाते. साहेब डोक्याला हात लावून म्हणाले, मौसी, इतने साल हम गंगाजी को उल्टा बहाते रहे! आणि असे हसले की चौकीदार धावत आला.

प्रदर्शनात तोच फोटो सगळ्यात मोठा करून लावला, सीधा. आमच्या गलीतली सगळी मराठी घरं बघायला आली. पण खाली पट्टीवर काय, भोसले घाट, आणि बायकांपुढे, नावं अज्ञात. घाटाचं नाव सापडलं, त्या चौघींचं नाही सापडणार, ते मला फार लागलं. साहेबांनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना फोटोखाली उभं करून एक फोटो काढवला, मला मधोमध. त्याची प्रत हातात आली तशी मी पेन्सिल घेतली आणि मागे आधी माझं नाव लिहिलं, पूर्ण, मग बाकीच्यांची.

आता मी रिटायर, पण मंगळवारी बोलावतात, जाते. लोक घरचे आल्बम घेऊन येतात, मी चहा पाजते आणि आजी कोण, आत्या कोण, सगळं फोटोंमागे पेन्सिलीनं लिहवून घेते. हे बाहेर बाकावर बसून लोकांशी कुजबुजतात, मजेत असतात. तुम्हीही घरी गेलात की लिहा बाई, हलक्या हातानं, पेनानं नको. तुमच्या घरातलं कुणी कधी अज्ञात न होवो.