अकरा देवळं आणि घाटाची पायरी

मंडळी, एक विचारतो, खरं उत्तर द्या. देवळात गेलात, हात जोडलेत, घंटा बडवलीत, प्रसाद तोंडात टाकलात आणि चपला सापडल्या म्हणून खूश होऊन बाहेर आलात — याला दर्शन म्हणायचं का? तुम्ही देवाला पाहिलंत, कबूल. पण देवाला तुमच्यात काय दिसलं? हे कधी विचारलंय? नाही ना. मग ऐका.

पुण्यात अच्युतराव बिवलकर नावाचे गृहस्थ. सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि एकदम धार्मिक झाले. होतात काही लोक! ऑफिसात फायली हलवायचे, आता देव हलवतात. कुठल्या गावी एका दिवसात किती देवळं झाली, हे चारचौघांत सांगायचं, हाच यांचा परमार्थ.

यांची थोरली बहीण — अक्का. आई लहानपणी गेली, तेव्हा अक्कानंच यांना वाढवलं. अक्काचं सासर वाईचं. सासर कसलं, दोन वर्षांचा संसार! नवरा तापानं गेला आणि विसाव्या वर्षी ती माहेरी परत आली. आता पंचाहत्तरीला टेकली. आयुष्यात कधी काही मागितलं नाही. एकदाच म्हणाली, "अच्युत, वाईच्या काशीविश्वेश्वराला एकदा नेशील का रे? रोज संध्याकाळी तिथं दिवा लावायचे मी."

एकच देऊळ मागितलं हो. पण अच्युतरावांना एक देऊळ म्हणजे अपमान! त्यांनी अकरा देवळांची यादी केली. दोन गाड्या निघाल्या. एकीत हे आणि पत्नी शरयूबाई, दुसरीत मुलगा आणि सून. अक्का यांच्या गाडीत, मागे.

एप्रिलचं ऊन. सकाळी दहाला मंडळी वाईत घाटावर उतरली. ढोल्या गणपती झाला. अक्काचे गुडघे धरलेले. दहा पावलं टाकली की थांबायची. अच्युतराव घड्याळ बघायला लागले. आणि मग बोलले काय?

"अक्का, तू या पायरीवर बस. आम्ही भराभर उरकतो. गाडी इथंच आणतो, मग शेवटी तुला निवांत नेतो विश्वेश्वराला. इथून हलू नकोस."

विश्वेश्वराचं देऊळ तिथून हाकेच्या अंतरावर. कळस दिसतोय. आणि ही बाई पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. भावानं सांगितलंय ना, हलू नकोस.

हे मात्र सुटले. महालक्ष्मी झाली, विष्णू झाला. विश्वेश्वरसुद्धा यांनी उरकून घेतला, तिच्याविना! नंदीपाशी फोटो काढला. मग मेणवलीचा घाट, तिथली मोठी घंटा, मग धोमचा नरसिंह. जेवणं झाली. अच्युतरावांनी यादीवर अकरावी खूण केली आणि गाड्या थेट पुण्याच्या रस्त्याला लागल्या. ह्यांना वाटलं, अक्काला मुलानं घेतलं असेल. मुलाला वाटलं, बाबांनी घेतलं असेल. विचारलं कुणी? छे! फोटो पाठवण्यात सगळे दंग.

शिरवळला चहाला थांबले. सून म्हणाली, "आत्यांना खाली उतरवायचं ना?"

अच्युतराव म्हणाले, "तुमच्या गाडीत आहे ना ती?"

कप तसेच राहिले.

गाड्या उलट्या फिरल्या. अक्काकडे फोन नाही, पाण्याची बाटली गाडीतच राहिलेली. अच्युतरावांच्या डोळ्यांसमोर ती पायरी, ते ऊन आणि खाली नदी. अकरा देवांची नावं पाठ असलेल्या माणसाला त्या वेळी एकाही देवाचं नाव आठवेना.

चार वाजून गेले होते. घाटावर आले. पायरी मोकळी!

धावत वर आले. कोपऱ्यावर एक फुलवाली बसलेली, हौसाबाई. तिला विचारलं, "इथं एक म्हातारी बसली होती, पाहिलीत का?"

हौसाबाईनं वर मान करून यांना नीट न्याहाळलं. "उमाबाई व्हय?"

"उमाबाई नाही हो. माझी बहीण. अक्का."

"त्यांचं नाव उमाबाई हाय. सासरचं, त्यांनीच सांगितलं. तुमाला ठावं न्हाई?"

मंडळी, ठाऊक नव्हतं. पंचावन्न वर्षं बहीण घरात राबली आणि या भक्तशिरोमणीला तिचं लग्नातलं नाव माहीत नाही!

"उन्हात चक्कर आली त्यांना," हौसाबाई म्हणाली. "घरी न्हेलं, ताक पाजलं, निजवलं. आता देवळात हायत, बसूनच हायत."

अच्युतराव देवळात गेले. अक्का खांबाला टेकून बसली होती. समोर वात लावलेली. हा माणूस तिच्या पायाशी बसला आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? "अक्का, कुणाकडून तरी फोन करायचा नाही का?" बघा! लाज वाटायच्या वेळी जीभ कशी चालते बघा.

अक्का रागावली नाही. म्हणाली, "नंबर मला कुणी लिहून दिलाय, अच्युत?"

तेव्हा कुठे त्याची मान खाली गेली. म्हणाला, "चुकलो मी. चल घरी."

"आज नाही. आठ दिवस राहते हौसाकडे. इथं मला नावानं हाक मारतात रे. मग येईन एसटीनं. तू उतरवून घ्यायला ये. येशील ना?"

गेले अच्युतराव. आठव्या दिवशी स्वारगेटला तासभर आधी जाऊन उभे राहिले. आली ती. पण त्या आठ दिवसांत त्यांनी वाईचा एक फोटो कुणाला दाखवला नाही.

आता हसताय काय अच्युतरावांना? तुमच्यातल्या किती जणांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "आलोच हं" म्हणून खुर्चीत बसवलंय आणि इथं पुढची जागा धरलीय? पुण्य मिळवायला आलात होय! तुम्ही कीर्तन ऐकून त्या माणसाच्या घशात पाणी जातं का? ज्याच्या घरी असं कुणी वाट बघत बसलंय, त्यानं आत्ता उठावं. आरतीला थांबू नका. आरती आम्ही पेटी-तबलेवाले मिळून करू.

उठा. मी डोळे मिटून घेतो, म्हणजे लाजायला नको.