ओघळीवरचं देवघर

सोजराबाई : मंग मी तिथं पूजाच करत नाई.

पुंजाजी : अवं, छपराले मलकापुरून कवेलू आणले, मुरूम टाकून जागा उंच केली, उद्या गवंडी येते, अन् आता नाई म्हनते? तुलेच देवाले वेगळी खोली पाह्यजे होती. चुलीच्या धुरानं बाळकृष्ण काळा पडला म्हनत होती.

सोजराबाई : तो काळाच हाये. चिंचेनं घाशीन मी. पण त्याच्यासाठी ओघळ काऊन बुजवली? कोतवालानं दवंडी देल्ली ना, पावसाचं पाणी वाह्यते तिथं कोनं भर टाकू नये.

पुंजाजी : दवंडी साऱ्या गावाले असते.

सोजराबाई : अन् आपण कोन्या गावचे?

पुंजाजी : हाव, बोल! वर्षातून दोन डाव वाह्यते ती ओघळ. बाकी दिवस आपली बकरी बसते तिच्यात.

सोजराबाई : आज देवाच्या आंघोळीचं पाणी तुळशीले घातलं. सांडलं ते मांगं गेलंच नाई. सरळ जाऊबाईच्या भितीले जाऊन लागलं. मातीची भीत हाये ती.

पुंजाजी : तांब्याभर पाण्यानं भीत पडते काय?

सोजराबाई : तांब्यानं वाट दाखवली. मांगून आभाळ येईन.

पुंजाजी : वयनी काई बोलल्या?

सोजराबाई : त्या कधी बोलल्या? दादा गेले तईपासून आपलं मीठसुदिक मागतलं नाई त्यायनं.

(सुभद्राबाई कुंपणापलीकडून ताकाचा गडवा घेऊन येते.)

सुभद्राबाई : ताक प्या, मंग भांडा. काऊन व सोजरा, माह्या भाऊजीले रागावून राह्यली?

सोजराबाई : बाई, सारं पाणी तुमच्याकडं वळवलं यायनं.

सुभद्राबाई : मले माहीत हाये. कालच ज्वारीची कणगी भितीपासून सरकवली. चूलही इटावर घेतली.

पुंजाजी : एकल्यानं सरकवली? मले आवाज काऊन नाई देल्ला?

सुभद्राबाई : देल्ला असता तं तुम्ही इचारलं असतं, काऊन सरकवता. मंग सांगा लागलं असतं. तुम्ही देवासाठी बांधून राह्यले, म्या आडवं कसं यावं?

पुंजाजी : अन् झोपता कुठं?

सुभद्राबाई : बाज उंबऱ्यापाशी आणली. वारं चांगलं लागते.

पुंजाजी : वयनी... ती भीत दादानं घातली. चिखल म्या तुडवला होता.

सुभद्राबाई : तुडवला कमी, अंगाले फासला जास्त. म्याच न्हाऊ घातलं तुम्हाले.

सोजराबाई : घ्या, ताक घ्या.

पुंजाजी : ठेव. गवंड्याले सांगतो, आतल्या खोलीत, धूर येत नाई तिथं, देवाले कोनाडा कर.

सोजराबाई : बाळकृष्णाले लागते किती जागा!

पुंजाजी : मुरूम आताच काढतो. वयनी, एखादं टोपलं हाये काय? आमचं फाटलं.

सुभद्राबाई : हाये. पण त्याच्यात कोंबडी अंड्यावर बसली. थांबा, उठवते तिले.

पुंजाजी : नोका उठवू. घमेल्यानंच काढतो.