पुठ्ठ्याचा वारा

...नाही गं नेरेइदा, नुसता चुना नाही टिकत, पहिल्याच वावटळीत उडून जातो — नोपाल निवडुंगाची पानं चिरून पाण्यात भिजत घालायची, तो चिकट रस चुन्यात ओतायचा, वर मूठभर मीठ, आणि मग छपरावर दोन हात मारायचे. आमच्या मेक्सिकालीत ज्याचं छप्पर पांढरं त्याचं डोकं थंड, असं माझा नवरा म्हणायचा — छपरावर चढवायचा मात्र मलाच! बस ना, ती खुर्ची नको, ती भिंत तापते — हां, इथे. आता मावळतीच्या खिडक्या. आतून पडदे लावून काय होतंय? ऊन काचेतून आत आलं की आलंच — बाहेरून झाकायच्या, चटई म्हण, गोणपाट म्हण, असेल ते. पहाटे सगळी दारं उघडी, सात वाजले की घट्ट बंद. राजमा उजाडायच्या आत शिजवून ठेवायचा, दुपारी शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही. फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा धरून दार लाव आणि ओढून बघ, अलगद निघून आला तर रबर गेलं समज. आणि मानेवर ओला टॉवेल — हसतेस काय? अख्खी गल्ली हसते. हसू देत. बिल आलं की त्यांची तोंडं बघावीत आणि माझं बघावं.

एसी? तो काय, भिंतीवर. बिघडलाय. म्हणजे — तू तुझं सांग, तू काय केलंस? बंद ठेवलास, छान. दिवसभर? शाबास. काय? वडिलांच्या खोलीतलासुद्धा?

किती वर्षांचे आहेत गं ते?

आणि काही बोलत नाहीत? नाहीच बोलायचे. म्हातारी माणसं दुसऱ्याच्या घरात बोलत नाहीत — हो हो, लेकीचं घर, तरी दुसऱ्याचंच. माझी थोरली बहीण एर्मिनिया पण बोलली नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये आली राहायला, नवरा गेला तिचा म्हणून. डोंगरातल्या गावची, थंड हवेची, त्यात हृदयाचं दुखणं. आल्या आल्या म्हणाली, "ओती, घर भट्टीसारखं तापलंय गं, ते मशीन लावतेस का?" — आणि मी म्हणाले, बिघडलंय. खोटं! आदल्याच दिवशी फ्यूज काढून मी साखरेच्या डब्यात ठेवला होता. पैसे नव्हते का? होते की. पेन्शन येते, पोरगा पाठवतो. पण अख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी बिल माझं, आणि ते तिच्यापायी वाढणार — एवढंच. एवढ्याचसाठी. माणसाला कशाचा गर्व होईल सांगता येत नाही.

आणि तिला माझीच दया यायची गं! "बिचारी माझी ओती, एकटीनं कसं काढलंस या उकाड्यात?" दुपारी मी आडवी झाले की ही उशाशी बसून पुठ्ठ्यानं मला वारा घालायची — चपलांच्या खोक्याचं झाकण होतं. मी म्हणायचे, पुरे गं, तू पड. "तू झोप, मला कुठे झोप लागते." आणि मी झोपायचे. हो, झोपायचे! छान गार वाटायचं, खोटं कशाला सांगू.

ऑगस्टात एका दुपारी जाग आली ती वारा थांबला म्हणून. बघते तर ही खाली फरशीवर पडलेली, अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, आणि मला विचारतेय, "आई कुठे गेली?" आई जाऊन तीस वर्षं झाली होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, घरी एसी नाही का? मी तोंड उघडायच्या आत ही खाटेवरून म्हणते — नीट शुद्धही नव्हती — "तिला रागवू नका हो, बिघडलाय तो, तिनं मिस्त्रीला किती निरोप पाठवले." मी एकही निरोप पाठवला नव्हता, नेरेइदा. ते तिनं माझ्यासाठी स्वतःच गृहीत धरलं होतं.

वाचली. हो, वाचली, घाबरू नकोस. पण उजवा हात लुळा पडला तो पडलाच, आता तेकातेला मुलीकडे असते. दर रविवारी फोन करते — "ओती, मिस्त्री आला का गं?" मी म्हणते, नाही आला. पाद्रीबाबांना सांगितलं, त्यांनी प्रायश्चित्ताच्या प्रार्थना सांगितल्या, त्या म्हटल्या मी. पण तिला? पन्नास रविवार गेले. दर वेळी म्हणते आज सांगते, आणि ती विचारते, तू जेवलीस का, मग राहतंच. दवाखान्यातून आले त्या दिवशी फ्यूज बसवला मी, बटण दाबलं — लगेच सुरू झाला, गार वारा थेट तोंडावर. दोन मिनिटं नाही बसवलं त्याच्यापुढे. तेव्हापासून बंद आहे, आणि तुम्ही सगळ्या येता, ओतिलियाबाई, युक्त्या सांगा, युक्त्या सांगा —

किती वाजले? तीन? आणि ते घरात एकटे? मग इथे माझं तोंड काय बघत बसलीस? चुन्याचं मरू दे. ऊठ. पळ आधी!