दोनशे अकरा-अ

(रविवारची दुपार, स्वयंपाकघरातलं टेबल. भावजय आणि नणंद. दोघी एकाच धागे रंगवण्याच्या कारखान्यात कामाला.)

भावजय : सही कुठे करायची, दाखवा.

नणंद : करतेस? बाई गं, सुटले मी.

भावजय : करत नाही. जागा किती सोडलीय ते बघतेय. मजकूर चार ओळींचा आणि सहीला अर्धं पान. साहेबांना वाटलं असेल, अडाणी बाई, मोठ्ठी सही करेल.

नणंद : तुला सगळ्यात खोटच दिसते.

भावजय : ऐका तर. ‘गैरसमजातून व रागाच्या भरात केलेली तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.’ स्वखुशीने. वन्सं, माझी खुशी त्यांनी टाइप करून तुमच्या हाती पाठवलीय.

नणंद : मागे घेतलीस तर मंगळवारपासून परत रंगखोलीत बसवतो म्हणालेत. शब्द दिलाय.

भावजय : आणि हात कुठे ठेवणार, त्याचाही शब्द दिलाय का?

नणंद : हळू बोल. तो बाहेर सायकल धुतोय.

भावजय : धुऊ दे. त्याला सगळं माहीत आहे. तुमचा भाऊ पहिल्या दिवशी म्हणाला, सोडून दे. दुसऱ्या दिवशी बसून तक्रारीतलं ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. लग्नानंतर इतक्या वेगाने तो कधीच बदलला नव्हता.

नणंद : अगं, पण साहेबांचा स्वभावच मोकळा. सगळ्यांच्याच पाठीवर थाप मारतात.

भावजय : गाडी भरणाऱ्या बाप्यांच्या कमरेवर मारताना पाहिलीत कधी थाप? रंगखोलीत अंधार करावा लागतो, तुम्हाला माहीत आहे. दिव्याच्या पेटीतला नमुना आणि आपला धागा, एवढंच दिसायला हवं. अकरा वर्षं बसले मी त्या अंधारात, कधी पाल चुकचुकली नाही. हे आले आणि ‘निळा जरा जवळून बघू’ म्हणत मागे चिकटून उभे. पहिल्यांदा वाटलं, खोली अरुंद आहे. दुसऱ्यांदा मी खुर्ची सरकवली. तिसऱ्यांदा सरळ वरचा दिवा लावला. तर म्हणतात, बाई, दिवा नको, रंग चुकेल.

नणंद : हे तू मला सांगितलं नव्हतंस.

भावजय : तुम्ही विचारलं नव्हतंत. त्या माणसाला मोरपिशी आणि हिरव्यातला फरक कळत नाही, नमुन्याचं कार्ड उलटं धरतो. तो मेमोत लिहितो, माझी नजर अधू झालीय.

नणंद : तेच म्हणते मी. तीन मेमो आहेत गं. उद्या अकरा वाजता तक्रारीची कमिटी बसली की आधी तेच बघणार. म्हणणार, बाईच्या हातून चुका झाल्या, बोलणी बसली, म्हणून साहेबांवर उलटली. तोंडघशी पडण्यापेक्षा आजच मिटव.

भावजय : बघूच मग मेमो. तक्रार मी दिली चार तारखेला. मेमोंवर तारखा त्याच्या आधीच्या महिन्याच्या. बारा, अठरा, सव्वीस. माझ्या हातात पडले तिन्ही एकदम, दहा तारखेला. एका जिन्याचं अंतर, वन्सं. गोगलगाय पाठवली असती तरी आधी पोचली असती.

नणंद : होतो कधी उशीर.

भावजय : आणि हा कोपऱ्यातला जावक नंबर. एकशे नव्वद-अ. दोनशे तीन-अ. दोनशे अकरा-अ. अकरा वर्षांत कारखान्याची किती पत्रं आली मला, एकावरही असा ‘अ’ नाही. बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर कोण घालतं?

नणंद : मी घालते. ठाऊक आहे तुला.

भावजय : अक्षरही ठाऊक आहे. लग्नात माझ्या भांड्यांवर नावं तुम्हीच घातली होतीत.

नणंद : मी काय करायचं होतं? नऊ तारखेला तिन्ही कागद टेबलावर आणून टाकले. म्हणाले, मागच्या महिन्यात चढवा. मी म्हटलं, साहेब, तिथे रिकामी ओळच नाही, प्रत्येक नंबरावर दुसरं पत्र गेलंय. तर म्हणाले, दोन ओळींच्या मध्ये घुसवा, नंबर बघतंय कोण.

भावजय : आणि घुसवलंत.

नणंद : घुसवलं. पण ‘अ’ लावून. दोन पत्रांना एकच नंबर कसा देणार? तसं करता येत नाही.

भावजय : खोटी तारीख चालते, दुबार नंबर चालत नाही.

नणंद : हस तू. चौदा वर्षांत माझ्या रजिस्टरात खाडाखोड नाही.

भावजय : हसत नाही. त्या पिशवीत काय आहे? आल्यापासून पायाशी धरून बसलायत.

नणंद : काही नाही.

भावजय : वन्सं.

नणंद : रजिस्टर आहे. आणि एक कोरं. काल त्यांच्या ध्यानात आलं. म्हणाले, सोमवार सकाळपर्यंत पूर्ण वर्षाचं नव्याने लिहून काढा, नंबर सलग करा. ‘अ’ दिसायला नको.

भावजय : थांबा, मला समजू दे. नंबर सलग केले की एकशे नव्वदच्या पुढचं प्रत्येक पत्र एक, दोन, तीन घरं पुढे सरकणार. पण ती पत्रं तर गेली. रंग पुरवणाऱ्याकडे, गिऱ्हाइकांकडे, सगळ्यांच्या फायलीत जुने नंबर बसलेत. हे घरोघर जाऊन खोडणार आहेत का?

नणंद : ते त्यांना नाही सुचलं.

भावजय : यांना दीडशे माणसांवर नेमलंय. कंबर बरोबर सापडते, नंबर सापडत नाहीत. म्हणून सही हवीय आज. मी मागे घेतली की रजिस्टर उघडायलाच नको.

नणंद : मला मध्ये घालू नकोस. माझी कायम नोकरीची ऑर्डर त्यांच्या टेबलावर आहे.

भावजय : चार वर्षं आहे. एव्हाना टेबल कायम झालं असेल.

नणंद : तुझं बरं आहे. तुला नवरा आहे, त्याचा पगार आहे. माझ्यामागे कोण आहे?

भावजय : ते खरं आहे. त्यावर मी काही बोलणार नाही. पण उद्या कुणी विचारलं, हे रजिस्टर एका रात्रीत कुणी लिहिलं, तर अक्षर कुणाचं निघेल? साहेबांनी तोंडी सांगितलंय. त्यांच्या तोंडाला जावक नंबर नसतो.

नणंद : म्हणजे मी चोर ठरेन.

भावजय : ते हात वर करतील. म्हणतील, बाई जुन्या आहेत, वयामुळे गोंधळ झाला. तुम्हालाही मेमो देतील, आणि त्याचाही नंबर तुम्हालाच घालायला लावतील.

नणंद : घे मग. ही घे पिशवी. तूच दाखव कमिटीला. मी म्हणेन, बसमध्ये विसरले.

भावजय : मी बोटही लावणार नाही. मी नेलं तर चोरी. तुमच्या ताब्यातलं आहे, तुम्ही नेलं तर पुरावा.

नणंद : तू माझ्यावर रागावलीयस. गोदामात तुला रिळं मोजायला बसवलं, खुर्ची काढून घेतली, मी रोज तिथून जात होते आणि मान वर केली नाही.

भावजय : रागावले होते. दोन दिवस फरशीवर बसले आणि तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात माझा नवराही आला, म्हणून थांबले.

नणंद : दोनच दिवस?

भावजय : तिसऱ्या दिवशी तिथे एक खोकं पालथं घातलेलं होतं. वर गोणपाट, चौपदरी घडी, कडा आत दुमडलेल्या. त्या कारखान्यात गोणपाटाच्या कडा आत दुमडणारं माणूस एकच आहे.

नणंद : फरशी गार असते गं. तुझे गुडघे...

भावजय : ऑर्डर येईल असं मी म्हणत नाही, वन्सं. बहुतेक नाहीच येणार. तुम्हाला खोटं सांगून नेलं, तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

नणंद : कमिटीवरच्या त्या बाहेरून येणाऱ्या वकीलबाई आरडाओरडा करतात का?

भावजय : नाही. माझा जबाब घेतला तेव्हा पाहिलंय, हळू बोलतात. एकच गोष्ट दोनदा विचारतात.

नणंद : आणि साहेब कुठे बसतात?

भावजय : अगदी समोर. नजर काढत नाहीत.

नणंद : मग मी त्यांच्याकडे बघणारच नाही. रजिस्टर उघडेन आणि त्यातूनच वाचेन.